‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

सध्या वीकेंडला एक नवीन खूळ डोक्यात शिरलंय. यूट्यूबवर जुनी राजकीय भाषणं ऐकायची. पक्ष, विचारसरणी वगैरे बाजूला ठेवून हा माणूस समोरच्या गर्दीला पकडतो कसा, एवढंच बघायचं. चालणारी वस्तू उघडून बघायची खोड आम्हा इंजिनिअर लोकांना असतेच!

पहिली गोष्ट संबोधनाची. नेटवर्कवर डेटा पाठवायच्या आधी दोन मशीन्स हँडशेक करतात. ‘ऐकतोयस ना?’ ‘ऐकतोय, बोल.’ बाळासाहेब ठाकरे शिवाजी पार्कवर ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ म्हणायचे तेव्हा हेच व्हायचं. या वाक्यात माहिती शून्य, पण ‘माझ्या’ या एका शब्दावर अख्खं मैदान कनेक्ट! पुढची भाषा कट्ट्यावरची. मूळचा पेशा व्यंगचित्रकाराचा, त्यामुळे चार रेघांत माणूस उभा करायची सवय. भाषणात ते काम टोपणनावं करायची. शरद पवारांना ‘मैद्याचं पोतं’ म्हणायचे, आणि वैयक्तिक मैत्रीही टिकवून होते.

वाजपेयींचं तंत्र एकदम उलटं. मे १९९६ मधलं त्यांचं लोकसभेतलं भाषण जरूर बघा. तेरा दिवसांचं सरकार, बहुमत नाही हे सगळ्यांना माहीत, आणि दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण. म्हणजे समोर खासदार असले तरी खरा श्रोता घराघरात बसलेला. वाजपेयी मध्येच थांबतात. त्या शांततेत पुढचा शब्द आपणच मनात शोधायला लागतो, आणि त्यांनी तो उच्चारला की वाटतं, अरे, हे तर मलाच म्हणायचं होतं! शेवटी ते राजीनामा द्यायला जातोय असं जाहीर करतात. सत्ता गेली, पण ऐकणारे त्यांच्या बाजूला आले.

तिसरी गोष्ट सर्वनामाची. ८ जानेवारी २००८ ला ओबामा न्यू हॅम्पशायरची प्रायमरी हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले, आणि त्याच रात्रीच्या भाषणातलं ‘येस वी कॅन’ जगभर गाजलं. हरलेल्या माणसाच्या घोषणेत ‘मी’ नव्हता, ‘वी’ होता. पण या ‘वी’मध्ये ऐकणारा आहे की नाही, ते इंग्रजी सांगत नाही. मराठी सांगते! ‘आम्ही’ म्हणजे तू सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. आपले पुढारी यात भलतेच तयार. कामाचं श्रेय घेताना ‘आम्ही करून दाखवलं’, आणि घाम गाळायची वेळ आली की ‘आपण करून दाखवू’ :)

गंमत इथे संपते. कारण ‘आपण’ म्हटलं की कुंपण आलं, आणि कुंपणाबाहेर कुणीतरी आलंच. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या सुरुवातीच्या काळात तिथे दक्षिण भारतीय होते. २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात उत्तर भारतीय होते. त्या ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या मुलांनी मार खाल्ला. मराठी मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत हे दुखणं खरंच होतं. पण मार खाणारीही नोकरीच शोधायला आलेली पोरं होती.

माझ्या टीममध्ये बिहारचा एक जण आहे. हौसेने मराठी शिकतोय. हिंदीत दोन्हीला ‘हम’च, म्हणून त्याला फरक समजावला : ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हणजे तू बस इथेच, ‘आपण जेवायला चाललोय’ म्हणजे डबा उचल. पठ्ठ्याला लगेच कळलं. पुढे एकदा कँटीनच्या टीव्हीवर कुणाचं तरी भाषण चालू होतं. ‘आपण’वर ‘आपण’! याने घास थांबवून विचारलं, “यात मी आहे का रे?”

मी “आहेस की” म्हणालो. पण ते माझं उत्तर होतं, बोलणाऱ्याचं नव्हे.

भाषणं मी अजूनही ऐकतो, चांगल्या वाक्याला दादही देतो. फक्त ‘आपण’ आलं की शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघतो. तुम्हीही बघा.