खांड

नेदरलँड्समधल्या वेस्टकापेले गावाच्या समुद्रबांधावर एक शर्मन रणगाडा उभा आहे. त्याच्या नळीला एक पोर लोंबकळत होतं आणि खालून आई ओरडत होती. भाषा डच, पण सूर थेट आमच्या आळीतला.

बांधाच्या आतल्या अंगाला पोल्डरहाउस. बांध आणि युद्ध, दोहोंचं मिळून एकच संग्रहालय. ही जोडी मला आधी विजोड वाटली होती.

बांध राखणं हाच या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. चिकणमातीवर पेंढा अंथरायचा, पेंढ्याचेच पीळ काट्याने मातीत खुपसत तो शिवून टाकायचा, म्हणजे लाट माती चाटून नेत नाही. जवळजवळ गोधडीच ती! आमच्या खारपट्टीत आजोबा उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बाहेरकाठ्यावर, म्हणजे समुद्राकडच्या बांधावर जात. बांधाला खांड पडलीच, तर सकाळी शेतातलं पाणी बोटाने जिभेला लावून बघत.

इथली खांड उधाणाने पडली नाही. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी ती ब्रिटिश विमानांनी पाडली, म्हणजे सोडवायला आलेल्यांनीच. अँटवर्प बंदर दोस्तांच्या हाती आलं होतं, पण शेल्ड नदीच्या मुखावरचं हे वाल्खेरेन बेट जर्मनांकडे. त्यांच्या तोफांपुढून मालाची जहाजं आत जाणार कशी? मग बेटच बुडवायचं ठरलं. निघून जा, अशी पत्रकं आदल्या दिवशी विमानातून टाकली. बेट बशीसारखं, काठ उंच नि पोट खोल, जायचं कुठे? काही जण पवनचक्कीच्या आसऱ्याला गेले. बाहेर पडायची वाट ढिगाऱ्याने बुजली, मागून भरती चढत आली. चाळीसहून जास्त माणसं तिथे बुडाली. गावातली एकूण दीडशेच्या वर.

१ नोव्हेंबरला त्याच खांडीशी कमांडो उतरले आणि महिनाअखेर अँटवर्पला जहाजं लागली. लष्करी हिशेब चोख होता, हे मान्य करावंच लागतं. मला ते मान्य करताना त्रास झाला.

पुढे वर्षभर भरती-ओहोटी शेतांतून येत-जात राहिली. झाडं उभ्याउभ्या वाळली. ऑक्टोबर १९४५ मध्ये खांड बुजली. मग जमिनीतलं मीठ काढायला जिप्सम टाकत बसले.

पाण्याने कोरलेला डोह मात्र बांधामागे अजून आहे. निघताना त्याच्या काठाशी वाकलो, बोट बुडवलं आणि सवयीने जिभेला लावलं.