नवस आणि पावती

अपत्यासाठी नवस बोलण्याची रीत आपल्या घराण्यांत जुनी आहे. गायकवाडी काळात आमचे पूर्वज बडोद्यास आले, कुलदैवत जेजुरीसच राहिले. नवस मात्र बरोबर आला. त्या नवसाचा व्यवहार मोठा सुज्ञ होता. मूल झाले तरच तो फेडायचा. जोखीम सारी देवाची.

धाकट्या बंधूंच्या सुनेचे उपचार सुरू झाले, तेव्हा हाच व्यवहार उलटा झालेला मी पाहिला. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, भूल देऊन स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेतील फलन, गर्भरोपण आणि मग दोन आठवड्यांची प्रतीक्षा. एका खेपेचे पावणेदोन लाख, तेही आगाऊ. गावात बभ्रा नको म्हणून उपचार अहमदाबादेस. त्यामुळे प्रवास, मुक्काम आणि बिनपगारी रजा यांची भर निराळी. पहिली खेप निष्फळ गेली, हाती पावती उरली. दुसरीसाठी मुदतठेव मोडली. तिसरीसाठी कर्ज काढले आणि सूनबाईंनी लग्नातल्या पाटल्या विकल्या.

आरोग्यविमा होता. परंतु बहुतेक वैयक्तिक पॉलिसींप्रमाणे त्यातूनही वंध्यत्वावरील उपचार वगळलेले होते. गंमत अशी की, २०२१ च्या कायद्याने दात्रीचे स्त्रीबीज घेणाऱ्या दांपत्यास त्या दात्रीचा बारा महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. ते योग्यच आहे. पण त्याच दांपत्याच्या स्वतःच्या खर्चाला आधार कोणाचा? १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांना यश येऊन हर्षा जन्मली, ती मुंबईच्या के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार विनामूल्य मिळू लागले. म्हणजे सार्वजनिक रुग्णालयास हे अशक्य नाही. तरीही बहुतांश दांपत्यांची वाट खाजगी दवाखान्याकडेच जाते.

तिसऱ्या खेपेनंतर दोघांनी थांबायचे ठरविले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि ते आम्हांस कळले वर्षभराने. मुंजीला, लग्नाला, बारशाला आपण न सांगता आहेर करतो. या खर्चाला आहेर नाही, कारण त्याची वाच्यताच होत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही चौघा भावंडांनी उरलेले हप्ते वाटून घेतले. सूनबाई संकोचल्या. म्हणाल्या, "काका, मूल तर झाले नाही, मग हे कशासाठी?" वडील बंधू म्हणाले, "बारसे झाले असते तर घेतलेच असतेस ना?" त्यांनी पाकीट घेतले आणि देवापुढे ठेवले.