तांबडी पेन्सिल

आमच्या आयुष्याची तीस वर्षे इतरांचे ऱ्हस्व-दीर्घ नीट करण्यात गेली. गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवणे हा व्यवसाय आणि ओळखीच्यांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक यांची मुद्रिते तपासणे हे व्यसन. त्यामुळे दिवाळीत एक जुना विद्यार्थी घरी आला आणि ‘सर, मीपण आता तुमचंच काम करतो’ असे म्हणाला, तेव्हा तो कुठे तरी अध्यापक झाला असावा असे आम्हांला वाटले. तो निघाला संगणक अभियंता. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यासोबत माहितीपर लेखनाचा मोठा साठा असतो. त्यातील हार्ड डिस्कसारख्या साठवणीच्या साधनांच्या ड्रायव्हरविषयीचे लेखन घेऊन त्यातील स्पेलिंगच्या चुका तो फावल्या वेळी दुरुस्त करीत होता.

ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. त्याने काय करावे, कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे त्या लेखनात सांगितलेले असते. वाचणारे थोडे, पण जो वाचतो तो बहुधा अडचणीत सापडलेला असतो.

‘यात स्पेलिंग चुकले म्हणून काय बिघडते?’ आम्ही विचारले. हा प्रश्न आम्हांला जन्मभर विद्यार्थ्यांनी विचारला. तो विचारण्याची संधी आम्हांला प्रथमच मिळाली होती. त्याचे उत्तर मार्मिक होते. लिनक्समध्ये बदल कसे पाठवावेत याच्या नियमावलीत ‘किरकोळ’ दुरुस्त्यांची एक यादी पुष्कळ वर्षे होती. तीत लेखनातील स्पेलिंगच्या चुकांना स्थान होतेच, पण ज्या चुकांमुळे ‘ग्रेप’ ही शोध घेण्याची आज्ञा फसू शकते, त्या चुकांचा वेगळा उल्लेख होता. चुकीचा लिहिलेला शब्द कोणाला सापडत नाही. जो सापडत नाही तो लिहिला नसल्यासारखाच. शुद्धलेखनाचे इतके सरळ समर्थन आम्ही वर्गात कधी केले नव्हते. आम्ही नियमांचे आकडे सांगत असू : महामंडळाचे १९६२चे चौदा, १९७२चे चार, एकूण अठरा.

संध्याकाळी त्याने संगणक उघडून आम्हांस काही पाने दाखवली. बसलॉजिक कंपनीच्या स्कझी कार्डांच्या ड्रायव्हरची माहिती आम्ही, समजले तेवढे, वाचून काढली. ती लेनर्ड झुबकॉफ यांनी लिहिलेली, १९९८ सालची. २००२ साली अलास्कामध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात ते वारले. २०२० मध्ये त्या विभागातील फायली नव्या साच्यात आणल्या गेल्या, पण त्यांच्या लेखनाचा घाट अजून तसाच जाणवतो. दिवंगत लेखकाच्या मजकुराला हात लावताना संपादकाची बोटे जरा थबकतात. पोथ्यांच्या संहिता-संपादनाचे प्रश्न इथेही आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

चुका शोधायला यंत्र आहेच. गाभ्याच्या संग्रहात ‘स्पेलिंग’ नावाची एक फाईल असून तिच्यात हजाराहून अधिक चुकीची रूपे आणि त्यांच्यापुढे बरोबर रूपे दिलेली आहेत. मूळ यादी डेबियनच्या ‘लिंटियन’ या साधनातून घेतलेली. ‘रिसीव्ह’मधील ई आणि आय यांची अदलाबदल ते यंत्र चटकन पकडते. पण ‘नॉट’च्या जागी ‘नाऊ’ पडले तर? दोन्ही शब्द शुद्ध. आपल्याकडचे ‘दिन’ आणि ‘दीन’. लिहायला दिलेली माहिती डिस्क काही काळ स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवते आणि ‘लिहून झाले’ असे कळवून मोकळी होते. ती प्रत्यक्ष उतरवून घेण्यासाठी ‘फ्लश’ची वेगळी आज्ञा द्यावी लागते. ही आज्ञा आता दिली जाते, की दिली जात नाही? मधल्या काळात वीज गेली तर सारा फरक त्या एका अक्षराचा. वीज जाणे म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

काही चुका मात्र दुरुस्त करताच येत नाहीत. युनिक्समध्ये फाईल तयार करण्याच्या आज्ञेचे नाव ‘क्रिएट’, पण त्यात शेवटचा ई नाही. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असे विचारले तेव्हा कर्ते केन टॉम्प्सन यांनी तो ई घालीन असेच सांगितले. पण असंख्य प्रोग्रॅम त्या नावाने हाक मारतात. चूक हेच नाव झाले. आमच्या जिल्ह्याचे इंग्रजी नाव तरी कुठे एका रीतीने लिहिले जाते? आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव असे आम्ही अभिमानाने सांगतो. संस्कृतात ते ‘पद्मपुर’. मराठी नियमाने ग्रामनामाच्या अंतीचा ‘पूर’ दीर्घ. कवीने स्वतः आपले गाव आमच्या परीक्षेत लिहिले असते, तर आम्ही त्याखाली रेघ ओढली असती.

वाचता वाचता दुसऱ्या एका फाईलमध्ये आम्हांला एक चूक सापडली. ओळीच्या शेवटी ‘द’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा ‘द’. मुद्रितशोधकाची जुनी सवय. आम्हांला त्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘काढून टाक,’ आम्ही म्हटले.

‘असं काढता येत नाही, सर. का काढलं ते लिहावं लागतं. खाली नाव घालावं लागतं. मग ज्याच्याकडे तो भाग आहे त्याला मेल करायचा. तो नाहीही म्हणू शकतो.’

मग थोडे थांबून, हसतच, तो म्हणाला, ‘तुम्ही माझं पानी कापलं होतं.’

आम्हांला काही आठवेना. त्याने आठवून दिले. पहिल्या वर्षाला असताना त्याने अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील आपल्या गावच्या तलावावर निबंध लिहिला होता, आजीच्या तोंडच्या झाडीबोलीत. झाडीत ‘ण’ उच्चारला जात नाही. ‘पाणी’ ‘पानी’च असते. आम्ही प्रत्येक ‘पानी’वर तांबडी पेन्सिल चालवली. किती वेळा, ते त्याने मोजले होते : एकोणीस. समासात एक शब्दही लिहिला नव्हता. त्यानंतर त्याने मराठीत काही लिहिले नाही. हे सांगताना त्याचा स्वर तक्रारीचा नव्हता, म्हणून अधिक लागले. झाडीबोलीच्या संमेलनांत आम्ही आवर्जून भाषणे ऐकायला जातो.

त्याच्याजवळ काय बोलावे ते सुचेना. तो निबंध मागावा असे मनात आले, पण ते कागद कधीच रद्दीत गेले होते.

रात्री त्याने दुरुस्ती तयार केली. बदल एका शब्दाचा, स्पष्टीकरण तीन ओळींचे. ते इंग्रजी त्याने आमच्याकडून तपासून घेतले आणि चूक दाखवून देणारा म्हणून आमचे नाव घातले. चौथ्या दिवशी उत्तर आले : दुरुस्ती स्वीकारली आहे. स्पष्टीकरणातील आम्ही तपासलेला एक शब्द मात्र त्या गृहस्थांनी बदलला होता, आणि का बदलला ते खाली एका ओळीत लिहिले होते.