शाळाबाह्य

जन्मदाखला सोडला तर सरकारदरबारी आमच्या सईचं नाव पहिल्यांदा लागलं ते शाळाबाह्य मूल म्हणून. ४ जुलै २०१५, शनिवार. राज्यभर एकाच दिवसात शाळेबाहेरची मुलं शोधून काढायची मोहीम होती. सहा ते चौदा वयाचं मूल दिसलं की नोंद करायची आणि तेच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची. काम अर्थातच शिक्षकांच्या गळ्यात. त्या दिवसाचा राग मला अजून येतो, फक्त कुणाचा ते दर वेळी बदलतं.

तिला शाळेतून का काढलं ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे उरकूनच टाकते. मोठ्या गटात असताना शू लागली तर बाईंचं लक्ष जाईपर्यंत हात वर करून थांबायचा नियम होता. पोरीनं शाळेच्या दिवशी पाणी प्यायचंच सोडलं. मी बोलायला गेले, तर ‘शिस्त लागायला हवी’. बास, पहिलीत घातलंच नाही. सासूबाई महिनाभर नीट बोलल्या नाहीत. घरात मारायचं नाही, ‘पोलीस येईल’ म्हणून घाबरवायचं नाही, खोटं आमिष दाखवायचं नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, ‘तुम्ही पोरीला विचारता भात वाढू का. आम्हाला कधी कुणी विचारलं?’ तेव्हा मला ते टोमण्यासारखं लागायचं.

आता तो शनिवार. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. सिंहस्थाचं वर्ष, शहरभर कामं काढलेली, आणि आमच्या इमारतीला लागूनच नवं बांधकाम चाललेलं. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ. साइटवरची निम्मी कुटुंबं जालना-परभणीकडची. त्यांतली पूजा सईच्याच वयाची, कदाचित वर्षाने मोठी. दुपारभर दोघी आमच्या जिन्यात असायच्या. सकाळी अकराच्या सुमाराला एक सर आणि एक तरुण बाई आल्या. त्यांना आमचा मजला शोधावा लागला नाही. ‘इथे एक मुलगी शाळेत जात नाही’ हे त्यांना गेटवरच कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते मला माहीत आहे, असो.

मी सगळं समजावून सांगितलं. घरी शिकते, आम्ही दोघं शिकलेले, पुढे मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. सर सभ्य होते, घामाघूम झाले होते, पाणी प्यायले. म्हणाले, ‘मॅडम, पटावर नाव आहे का तेवढं सांगा.’ नव्हतं. ‘मग शाळाबाह्य.’ मधलं काही लिहायला जागा त्यांना कागदावर सापडेना. शाळेचं नाव तरी लिहायचं, नाहीतर न जाण्याचं कारण. गरिबी नाही, स्थलांतर नाही, भावंडं सांभाळत नाही, अपंगत्व नाही. शेवटी बाईंनी काय लिहिलं ते मला दिसू दिलं नाही.

आणि मग सरांनी सहज म्हणून टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं आणि सईला म्हणाले, ‘बाळा, एवढी ओळ वाच बरं.’

सईला तेव्हा वाचता येत नव्हतं. म्हणजे एसटीच्या पाट्या यायच्या, ‘नाशिक-कसारा’ ती लांबून ओळखायची, सीबीएस बसस्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. पण वर्तमानपत्रातलं जोडाक्षर आलं की अडायची. मुलं आपापल्या वेळी वाचायला लागतात, घाई करू नये, हे मी घरशिक्षणावर लिहिणाऱ्या जॉन होल्टच्या पुस्तकात वाचलं होतं आणि सगळ्यांना ऐकवलंही होतं. त्या क्षणी मला जगातलं काहीही चाललं असतं, पण तिनं ती ओळ वाचायला हवी होती. ती दोन शब्द वाचून थांबली आणि सरांकडे बघून हसली. सर बाईंकडे बघून हसले. ‘सात वर्षं पूर्ण झाली ना?’ एवढंच विचारलं. कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर मी विसरले असते.

शाई लावायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, तिला आधी विचारा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की सासूबाईंची आठवण झाली. पण विचारायची वेळच आली नाही, कारण सईनं हात आधीच पुढे केला होता. तिला प्रचंड कौतुक. मत दिल्यासारखं बोट नाचवत ती घरभर फिरली. अपमान झाला होता तो माझा.

तिच्या मागोमाग पूजानंही बोट पुढे केलं. सर म्हणाले, ‘ही तुमची?’ नाही, शेजारच्या साइटवरची. ‘मग त्यांच्याकडे दुसरी टीम येईल. आम्हाला घरं दिलीत.’ मी म्हटलं, आत्ता समोर उभी आहे, घ्या की लिहून. पत्ता काय लिहू, असं ते म्हणाले, आणि ते चुकीचं बोलत होते असंही नाही. मोहिमेच्या आदेशात बांधकामं, बसस्थानकं, बाजार सगळं होतं. कुठल्यातरी टीमकडे ती साइट असेलच. मी संध्याकाळपर्यंत गॅलरीतून लक्ष ठेवलं. कुणीही आलं नाही. घरात पुस्तकांचं कपाट असलेली मुलगी शाळाबाह्य म्हणून मोजली गेली, आणि जी खरोखर शाळाबाह्य होती ती मोजलीच गेली नाही. राज्याचा आकडा आला तो लाखाच्या आत. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तो फारच कमी असल्याचं तेव्हाच म्हटलं. कमी असणारच. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं जुलैत आपापल्या गावी असतात, पोरांची नावं गावच्या पटावर असतात. त्यांना मोजायचं तर दिवाळीनंतर फडावर जायला हवं. हे शिक्षण खात्यात कुणाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या सोमवारी मी पूजाच्या आईला घेऊन जवळच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी जन्माचा दाखला मागितला, मग आधीच्या शाळेचा दाखला, मग म्हणाले प्रवेश संपले. एकेक अडचण सुटली की पुढची तयार. शिक्षण हक्क कायद्याची प्रत घेऊन मी पुन्हा गेले. त्यात कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, आणि त्याच कायद्यावरून मला लोकांनी ‘हा गुन्हा आहे’ असं ऐकवलेलं. (गुन्हा नाही. त्या कलमाला शिक्षाच जोडलेली नाही.) मुख्याध्यापकांनी प्रत बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘तुमची मुलगी कोणत्या शाळेत आहे?’ मी खरं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. ‘म्हणजे स्वतःची घरात आणि दुसऱ्याची शाळेत?’

याचं चोख उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि आजही माझ्याकडे आहे ते थोडं लंगडंच. सईला घरी दोन पदवीधर माणसं होती. त्यातलं एक नोकरी सोडून बसलं होतं, आणि ते कोण हे सांगायला नको. पूजाला घरी खडी होती, सळया होत्या आणि झोळीतला भाऊ. शाळेत निदान दुपारचं जेवण, एक छप्पर आणि तिच्या वयाच्या मुली होत्या. घरशिक्षणावर जे कौतुकानं लिहिलं जातं त्यात हा भाग नसतो: कुणाचा पगार गेला, घरात बसायला माणूस कुठून आणलं. हळुवार पालकत्वाचंही तेच. आता त्याच्या रील येतात, मऊ आवाजात आई सांगते की मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोला. दहा तास डोक्यावरून विटा वाहून आलेल्या बाईनं कुठल्या पातळीवर बसायचं? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, म्हणजे मुलं होती तिथं शाळा नेली. त्याला मी पर्यायी शिक्षण म्हणेन. आमचं होतं ते घरगुती, आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही, पण त्याला चळवळ म्हणायला आता जीभ रेटत नाही.

पूजाला प्रवेश मिळाला. वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसवलं, जादा तास घेतले; त्या शाळेतल्या वर्गशिक्षिका उत्तम निघाल्या. दिवाळीनंतर स्लॅबची कामं संपली आणि ते कुटुंब दुसरीकडे गेलं. पुढचं मला माहीत नाही.

सई त्याच पावसाळ्यात वाचायला लागली, काही न करता. २०१६ मध्ये मुंबईच्या मालविका जोशीची बातमी आली. शाळा सोडून घरी शिकलेली, संगणक ऑलिंपियाडची पदकं मिळवलेली, बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद, आणि अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश. ज्यांनी गेटवर आमचा मजला सांगितला होता त्यांनीच मला ती बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली हात जोडल्याची चित्रं. मला अजिबात बरं वाटलं नाही. पदक मिळालं तरच आईबाप शहाणे, असा त्याचा अर्थ होता, आणि सईला पदकबिदक मिळण्याची काही लक्षणं नव्हती.

२०२० मध्ये सगळ्यांचीच मुलं घरात बसली तेव्हा तेच लोक मला विचारायला आले की दिवसभर काय करून घेता. सईनं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी केली, मराठी माध्यमातून, पाच विषय, त्यातला एक चित्रकला. मग हट्टानं अकरावीला साध्या कॉलेजात गेली. मागच्या वर्षी जेवताना सहज म्हणाली, ‘मला शाळेत घातलं असतंस तरी चाललं असतं.’ नवरा हसला. मी कढी वाढत होते, वाढत राहिले. तिला तसं म्हणता येतं हे आम्ही तिला वाढवलं त्याचंच फळ, अशी मी माझी समजूत घातली. पण खरं तर राग आला होता.

घरी शिकवू का, असं विचारायला आता तरुण आईबाप येतात. त्यांना मी कागदांचं सांगते. एनआयओएसच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि पुढच्या प्रवेशासाठी तिथला मायग्रेशन दाखला शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी चालतो. तो मागून घ्या आणि जपा. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांनाही आणि तुम्हालाही एक विनंती. तुमच्या इमारतीशेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या मुलांची चौकशी करा. वयाचा दाखला नाही म्हणून किंवा वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ आणि १५ मध्ये लिहिलेलं आहे. तेवढा भाग छापून जवळच्या शाळेत घेऊन जा, आणि पहिल्या नकाराला परत फिरू नका.