उष्णता आतून येते

बिअर घडते ती पहिल्या तीन-चार दिवसांत. थंड केलेल्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, यीस्ट पडलं की काही तास वरवर सगळं शांत असतं. मग फेस चढू लागतो आणि फेसाबरोबर तापमानही. ही उष्णता बाहेरच्या उन्हाची नसते. साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करताना यीस्टच ती सोडत असतं.

मी देवगाव रंगारीचा. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत बिअरच्या कारखान्यात फर्मेंटेशनवर काम करतो. लागर, म्हणजे गारव्यात आंबवायच्या बिअरला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. तरी टँकची खरी काळजी बाहेरच्या उन्हाची नाही. टँक जितका मोठा, तितका आतल्या द्रवाच्या मानानं त्याचा पत्रा कमी. आतली ऊब बाहेर पडणार कुठून? म्हणून टँकला जाकीट असतं, त्यातून ग्लायकॉल हा थंड द्रव फिरतो आणि सेन्सरची नळी थेट द्रवात उतरवलेली असते. रात्रपाळीला त्या आकड्याकडे बघताना मला आत काहीतरी जिवंत आहे याची जाणीव सतत असते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

जुन्या लोकांकडे हा आकडा नव्हता. बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी घातली गेली; २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. लंडनच्या मायकेल कोंब्रूननं १७६२ च्या आपल्या पुस्तकात थर्मामीटर वापरून बिअर करायची रीत मांडली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं आली आणि हंगामाचं बंधन सुटलं. यंत्राचं कौतुक सगळे करतात. माझ्या लेखी कोंब्रूनचं काम अधिक मोठं. जे मोजलंच नाही ते थंड तरी किती करणार?

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली, म्हणून तोही घरी करतो. त्याचा फोन आला, "मामा, खोली तर २२ वरच आहे, मग केळ्याचा वास का येतो?" मी विचारलं, "बाळा, थर्मामीटर कुठंय?" भिंतीवर होता.

वीस लिटर वर्टमधली साखर आंबताना जेवढी उष्णता निघते, ती सगळी आतच राहिली तर बिअर दहा-बारा अंशांनी तापेल. बरीचशी निघून जाते, पण ऐन भरात आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर सहज असतं. म्हणजे त्याचं एल यीस्ट, लागरपेक्षा उबेत आंबवणारं, २६-२७ वर काम करत होतं. इतक्या उबेत ते केळ्याच्या वासाची एस्टर जास्त बनवतं, शिवाय जड अल्कोहोलंही. मी सांगितलं, सेन्सर भांड्याच्या अंगाला चिकटव, वरून फोमचा तुकडा बांध, भांडं पाण्याच्या टबात ठेव आणि ओलं फडकं गुंडाळ. आपल्याकडे माठाला ओलं गोणपाट गुंडाळतात ते याचसाठी; पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर हा उपाय उत्तम चालतो, दमट हवेत फारसा नाही.

शेवटी मात्र उलटं करायचं. लागर आंबत आली की दोन-तीन अंश वाढवू द्यायचे, म्हणजे लोण्यासारख्या वासाचं डायअसिटिल यीस्ट स्वतःच परत खाऊन टाकतं. घाईनं गार केलं तर ते बिअरमध्येच राहतं.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा तो उद्योग इथं करू नका. दही मात्र रोज लावता. विरजण घालताना दूध ४० ते ४३ अंशांवर हवं. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर आणा आणि तो दुधातच बुडवून बघा.