मृगाची चाकं

मराठवाड्यात गाडीला चाकांचा दुसरा जोड लागतो तो हिवाळ्यासाठी नाही, मृगासाठी. थंडी आम्हाला नवीन नाही. डिसेंबरात नांदेड-परभणीकडं पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, माणसं कानाला मफलर गुंडाळून दूध घालायला निघतात. पण त्याच दिवशी दुपारी रस्ता तापलेला असतो आणि टायरला रात्रीची थंडी आठवतही नाही. पावसाचं तसं नाही. काळीवर मृगाचा एक दणका बसला की काल जिथून ट्रॅक्टर भरून गेला, तिथून आज माणूससुद्धा चप्पल हातात घेऊन जातो.

या मातीचा स्वभावच दोन टोकांचा. उन्हाळ्यात आटते तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी प्याली की फुगते, भेगा मिटतात, आणि जे अंगावर येईल त्याला धरून बसते. मोटरसायकलवाल्यांना विचारा. चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे असा ठासून बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, तुराटी शोधायची आणि खरवडत बसायचं. खेड्यातल्या कितीतरी गाड्यांचं पुढचं मडगार्ड पावसाळाभर घरातच पडलेलं असतं, ते उगाच नाही.

माझ्या माहेरी, अहमदपूर तालुक्यात, आबांची एक बैलगाडी होती आणि तिला चाकांचे दोन जोड होते. हे काही सगळ्यांकडे नव्हतं. ज्याला परवडायचं तो दोन गाड्या ठेवायचा, नाही त्याची एकच गाडी बारा महिने राबायची. आबांनी मधला मार्ग काढलेला. ऊस कारखान्याला घालायचा म्हणून टायरची चाकं आली. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून निघून वेगळा झाला, ते १९८२ साल, त्याच सुमारास. टायरमुळं देवणी बैलांची तीच जोडी डांबरी रस्त्यावर जवळजवळ दुप्पट ओझं ओढायला लागली आणि मानेला दणके बसायचे थांबले. सगळ्यांना वाटलं, आता लाकडी चाकं जळणात जाणार. आबांनी ती आसासकट गोठ्याच्या भिंतीला उभी करून ठेवली. रोहिणीचा पाऊस होऊन गेला की चार माणसं लावून गाडीचा साटा उचलायचा, खाली दगड द्यायचे, टायरचा आस काढून लाकडी चाकांचा घालायचा. दिवाळीनंतर उसाला तोड लागली की पुन्हा उलटं. "मृगात रबर काय करतंय? फतकल मारून बसतंय," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

ते बरोबरच होतं. रुंद, गुळगुळीत टायर ओल्या काळीवर घसरतो, नाहीतर सगळी माती अंगाला लावून घेतो. लाकडी चाकाची अरुंद लोखंडी धाव चिखल कापत खाली जाते, टणक थराला टेकते आणि त्याच्यावर चालते. म्हणून तर पाणंदीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असायच्या. एकदा चाक त्यात बसलं की बैलांनाही हाकायला लागायचं नाही. तीच धाव डांबरी सडकेचा मात्र नास करायची.

लाकडी चाकाचं एक दुखणं होतं. उन्हाळ्यात बाभळीचं लाकूड सुकून आकसायचं आणि धाव सैल होऊन खडखडायची. थोडी सैल असली तर चाकं नाल्याच्या डोहात बुडवून ठेवायची, लाकूड फुगलं की धाव आपोआप घट्ट. तेवढ्यानं भागलं नाही तर लोहार. तो धाव कापून पुन्हा जोडायचा, मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा बारीक. मग गोवऱ्यांचं रिंगण रचून त्यात ती लाल होईस्तोवर तापवायची. तापलं की लोखंड वाढतं. तिघे-चौघे सांडशींनी उचलून आणायचे, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवायचे, घण पडायचे, लाकडातून धूर उठायचा आणि बायका घागरींनी पाणी ओतायच्या. गार होताना धाव आवळत जायची आणि आरे तुंब्यात रुतताना करकरायचे. ती करकर ऐकून सुतार मान हलवायचा, म्हणजे चाक जमलं. रेल्वेच्या चाकांवरचं पोलादी कडं याच युक्तीनं चढवतात, हे मला पुढं शाळेत विज्ञान शिकवताना कळलं. मुलांना प्रसरण-आकुंचन शिकवायला मला पुस्तकातल्या गोळ्या-कड्याची गरज कधी पडली नाही.

लग्न होऊन नांदेडला आले. इथं गोष्ट उलटी. कारला चार चाकं आणि एक स्टेपनी, तीच बारमाही. आता तर स्टेपनीवरही गदा आलेली आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला जादा चाक नसलं तरी चालेल, असा नियम २०२० साली झाला. लोहा ते अहमदपूर रात्रीच्या वेळी मुलांना घेऊन निघणाऱ्या माणसाला विचारून हा नियम केला असेल असं मला वाटत नाही.

टायरच्या दुकानातला एक अनुभव सगळ्या बायकांचा असतो. प्रश्न मी विचारते, उत्तर ह्यांना मिळतं. नक्षीची खोली किती उरली, असं मी विचारलं तर दुकानदार ह्यांच्याकडं बघून म्हणतो, "साहेब, अजून दहा हजार जाईल." खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर कायद्यानंही बाद झाला. बघायला एक मिनिट लागतं. पण आमच्याकडं टायर पार गोटा झाल्याशिवाय कुणाला त्याची कीव येत नाही. त्यात मे महिन्यात रस्ता इतका तापलेला असतो की कमी हवेचा टायर लवचून लवचून आणखी तापतो आणि फुटतो. इथला टायरचा खरा वैरी ऊन आहे. तरुण पोरं मात्र कंपनीचे रिम विकून मोठे चकचकीत अलॉय घालतात, वर पातळ काठाचा टायर, आणि पहिल्याच खड्ड्यात रिम वाकवून आणतात.

हे सगळं डोक्यात असताना म्युनिकला राहणारी मुलगी म्हणाली, "आई, हिवाळ्याची चाकं घ्यायचीत. दोन जोड ठेवू की बारमाही टायर घालू?" तिची घरची गाडी जुनी, सेकंडहँड. घरात लहान लेकरू, आणि सुटीच्या दिवशी आल्प्सकडं जायची हौस. तेव्हा मी तिथंच होते, म्हणून या खरेदीत आपसूक ओढली गेले.

हिवाळी टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर, एवढंच मी समजत होते. खरी गोष्ट रबरात आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, बर्फ नसला तरी त्याची पकड जाते. हिवाळी रबर थंडीत मऊ राहतं, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. तोच टायर उन्हात झपाट्यानं झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. नांदेडच्या एप्रिलमध्ये त्याचं काय होईल, ते बघायलाही नको. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असा तारखेचाच कायदा आहे. जर्मनीत तारीख नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा हिवाळी टायर हवेत, असं २०१० पासून स्पष्ट सांगितलेलं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरं व हिमकण हे चिन्ह असल्याशिवाय तो हिवाळी धरतच नाहीत. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा सोपा हिशेब ठेवतात. आमचं मृग आणि दिवाळी, तसंच.

मग रिम. टायर दर वेळी त्याच रिमवरून काढून घालण्यापेक्षा दुसऱ्या जोडाला स्वतःचे रिम असले की घरच्या घरी चाक बदलता येतं. पण कुठलाही रिम कुठल्याही गाडीला बसत नाही. बोल्ट किती, ते किती व्यासाच्या वर्तुळावर, मधलं भोक केवढं, रिम आत किती शिरतो, सगळं जुळावं लागतं, आणि चालणारे आकार गाडीच्या कागदांत दिलेले असतात. लातूरच्या माणसाला यात नवल नाही. लातूरला बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी यायची, नांदेडला मीटरगेज. इथला डबा तिथल्या रुळावर चढायची सोयच नव्हती.

जावयाला सतरा इंची अलॉयच हवे होते. लेकीनं सोळा इंची साधे पोलादी रिम घ्यायचे ठरवलं. रिम लहान म्हणजे रबराचा काठ उंच, टायरही थोडा अरुंद, आणि वर पैसे वाचतात. अरुंद टायर बर्फ दाबत, कापत खाली जातो, असं दुकानातला म्हातारा कारागीर हातवारे करून सांगत होता. लेक भाषांतर करत होती, पण मला त्याची गरज नव्हती. हे मी गोठ्यात ऐकलेलं होतं.

रिम वापरलेले घ्यायचे ठरले. त्या म्हाताऱ्यानं बोल्टांची भोकं एकेक करून बोटानं चाचपली. एका रिमचं भोक घासून लंबुळकं झालेलं, तो त्यानं बाजूला टाकला आणि दुसरा आणला. टायर मात्र नवे. बाजूवरचा चार आकडी शिक्का कसा वाचायचा तेही त्यानं दाखवलं: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कायदा तिथंही १.६ मिलिमीटरच मागतो, पण हिवाळ्यात चारच्या खाली गेलं की टायर काढा, असं तिथली वाहनचालकांची संघटना एडीएसी सांगते. दोन जोडांचा खर्च सुरुवातीला टोचतो. पण एक झिजतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, हा मुद्दा जावयाला पटला. काढलेली उन्हाळी चाकं ठेवायला घरात जागा नव्हती. तिथं दुकानदारच भाड्यानं ठेवून घेतात. देण्याआधी लेकीनं खडूनं प्रत्येकावर लिहिलं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. कारागिरानं ती अक्षरं बराच वेळ निरखली आणि शेजारी आपलीही लिहून ठेवली. बोल्ट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, हे त्यानं निघताना तीनदा बजावलं.

बारमाही टायर वाईट असतो असं नाही. सपाट शहरात, कमी फिरणाऱ्याला तो पुरतो. पण तो दोन्ही ऋतूंशी थोडी थोडी तडजोड करतो, आणि जिला लेकराला मागं बसवून घाट चढायचाय, तिनं तडजोड का करावी?

परत आले तर माहेरी हाच वाद वेगळ्या रूपात चाललेला. भाच्याचा ट्रॅक्टर, मागचे टायर साडेतेरा इंच रुंद. सोयाबीनच्या दोन ओळींत अंतर अठरा इंच. कोळपणीला, फवारणीला आत घातला की दोन्ही बाजूंची रोपं चिरडतात. एक उपाय म्हणजे पट्टा पेर: दर काही ओळींनी एक ओळ रिकामी सोडायची आणि त्यातून ट्रॅक्टर चालवायचा. दुसरा उपाय बारीक चाकांचा वेगळा जोड, पेरणीनंतर घालायचा आणि रास झाली की काढून ट्रॉलीसाठी रुंद चाकं परत चढवायची. रिकाम्या ओळीतून हवा खेळते, ते काही वायाच जात नाही, असं भावाचं म्हणणं. भाच्याला बारीक चाकं हवीत. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण मी दिलं. बारीक चाकं घे, फक्त त्यांच्यावर भरलेली ट्रॉली ओढू नकोस.

उदगीरकडं कुणाचातरी जुना जोड विकायला आहे, असं तो फोनवर सांगत होता.

"टायर जुना चालंल," मी म्हटलं, "पण रिमची भोकं बोटानं चाचपून बघ. लंबुळकी झाली असली तर हात लावू नको."

"आत्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्युनिकच्या एका म्हाताऱ्यानं."

"बरं," तो म्हणाला, "मग किमतीचं पण त्यालाच विचार. हा गडी लई सांगायलाय."