कर्नलच्या दारात

जुन्या सी प्रोग्रामची डागडुजी करताना काल एका ओळीवर रेंगाळलो. थ्रेडचा क्रमांक विचारायला कुणीतरी थेट लिनक्स कर्नलचं दार ठोठावलं होतं: सिस्टिम कॉल १८६, म्हणजे ‘गेटटीआयडी’. कर्नलमध्ये तो कितीतरी आधीपासून होता. ग्लिबसी या सी लायब्ररीने त्याला आवरण म्हणून साधं फंक्शन दिलं ते २०१९ मध्ये, २.३० आवृत्तीत.

असल्या आवरणाचं काम चिमूटभर. क्रमांक रजिस्टरमध्ये ठेवायचा, कर्नलमध्ये उतरायचं, चूक सांगणारा ऋण आकडा आला तर तो धन करून ‘एर्नो’ या चलात ठेवायचा आणि हाती उणे एक द्यायचा. पण एकदा दिलेलं फंक्शन सहसा मागे घेता येत नाही. ग्लिबसीची ती सावधगिरी मला पटते. त्यापायी गेलेली इतकी वर्षं मात्र पटत नाहीत.

ओळ बदलावी का? हा प्रोग्राम जिथे चालतो, तिथली ग्लिबसी अजून जुनीच आहे.